दबलेला मज्जातंतू : लक्षणे कशी ओळखावीत?

खेड्यात कोणाची बोटे बधिर झाली, पायात कळ उठली किंवा हाताला वारंवार मुंग्या येऊ लागल्या, की ‘नस दबली’ असा निर्णय पारावरच होऊन जातो. हा निर्णय पुष्कळदा खरा असतो. परंतु कोणती नस दबली, कोठे दबली, कशाने दबली आणि ती दबली हे तरी खरे काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मग तेल चोळणे, झटका देऊन मान मोडणे, प्रसंगी तापलेल्या सळईने डाग देणे, अशा उपायांत महिने निघून जातात. आणि वेळीच दाब दूर झाला असता तर जो हात वाचला असता, तो कायमचा दुबळा होतो.

शिक्षकाला वैद्य व्हावयाचे नाही. रोगाचे निदान व उपचार हे डॉक्टरांचे काम आहे. तथापि नेमके पाहणे, नेमके विचारणे आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे ही तीन कामे शिक्षकाला करता येतात. गावात त्याच्या शब्दाला मान असतो. त्यासाठी आवश्यक तेवढे ज्ञान या पाठात दिले आहे.

१. ‘नस’ या शब्दाचा घोटाळा

बोलीभाषेत ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनीलाही लावतात व मज्जातंतूलाही. मनगटावर जिचे ठोके बोटाला लागतात ती रक्तवाहिनी होय. ती पोकळ असून तिच्यातून रक्त वाहते. मज्जातंतू ही नळी नव्हे. तो असंख्य सूक्ष्म धाग्यांचा जुडगा आहे. त्यातील काही धागे स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता मेंदूकडे नेतात, तर काही धागे मेंदूची आज्ञा स्नायूंकडे आणतात. म्हणून मज्जातंतू दबला की दोन तऱ्हेची लक्षणे दिसतात : संवेदनेत बिघाड आणि हालचालीत दुबळेपणा.

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून अशा तंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेत ८, छातीमागे १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. मानेतून निघालेले तंतू हातांकडे जातात व कमरेतून आणि त्रिकास्थीतून निघालेले पायांकडे. वाटेत जेथे तंतूला अरुंद फटीतून जावे लागते, किंवा जेथे तो कातडीलगत हाडावरून जातो, तेथे त्याच्यावर दाब येण्याचा संभव अधिक असतो. मान, कोपर, मनगट, कंबर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू या त्या मुख्य जागा होत.

२. पाटाच्या पाण्याचा दाखला

शेवटचा वाफा कोरडा राहिला तर जाणता शेतकरी त्या वाफ्यात उभा राहून माती उकरीत बसत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि बांध कोठे आला आहे ते शोधतो. मज्जातंतूचेही तसेच आहे. दुखते बोट, पण दाब मनगटात किंवा मानेत असू शकतो. ठणकते पोटरी, पण दाब कमरेत असू शकतो. जेथे दुखते तेथेच दोष असला पाहिजे, या समजुतीमुळे पोटरीला महिनोगणती तेल लागते आणि कमरेकडे कोणी पाहत नाही.

हा दाखला मर्यादेने घ्यावा. मज्जातंतूतून पाणी वाहत नाही. संदेश जातात व येतात. परंतु कोणता वाफा कोरडा आहे यावरून कोणता पाट अडला हे कळते, त्याचप्रमाणे नेमका कोणता भाग बधिर आहे यावरून कोणता तंतू दबला याचा अंदाज बांधता येतो. म्हणून ‘हात बधिर होतो’ एवढ्या उत्तरावर समाधान न मानता ‘कोणती बोटे?’ असे विचारावे. साऱ्या तपासणीत हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे.

३. लक्षणांचा क्रम

बराच वेळ मांडी घालून बसलेल्या मुलाच्या पायाला मुंग्या येतात. तो उठतो, पाय झटकतो आणि थोड्याच वेळात पाय पूर्ववत होतो. हा क्षणिक दाबाचा परिणाम असून त्यात भिण्याचे कारण नाही. दाब वारंवार पडला किंवा टिकून राहिला, तर मात्र लक्षणे साधारणपणे पुढील क्रमाने वाढतात :

(अ) मुंग्या, झिणझिण्या, आग होणे किंवा विजेसारखी चमक. ही लक्षणे येतात व जातात.
(आ) बधिरता. शर्टाचे बटण, सुई, तांदळातील खडा बोटांना नीट कळत नाही.
(इ) दुबळेपणा. हातातून तांब्या सटकतो, पाऊल ओढले जाते.
(ई) स्नायू सुकणे. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा किंवा अंगठा व तर्जनी यांच्यामधील भाग खोलगट दिसू लागतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वेदना कमी होणे ही प्रत्येक वेळी सुधारणेची खूण नसते. दुखणे थांबले, पण बधिरता किंवा दुबळेपणा वाढला, तर तंतूची हानी वाढली असे समजावे. ‘आता ठणका नाही, बरे आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हातून त्याच आठवड्यात दोनदा भांडे पडले असेल, तर तो बरा झालेला नाही.

मज्जातंतूच्या हानीच्या तीन पायऱ्या ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मांडल्या. पहिल्या पायरीत धागा शाबूत राहतो व केवळ संदेश अडतो. असा तंतू काही आठवड्यांत सुधारतो. दुसऱ्या पायरीत धागा तुटतो, पण त्याचे वेष्टण टिकून राहते. मग धागा पुन्हा वाढावा लागतो. तिसऱ्या पायरीत संपूर्ण तंतूच तुटतो. तुटलेला धागा वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. कोपरापासून ३० सेंटिमीटर दूर असलेल्या स्नायूपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे १० महिने लागतात, आणि तोवर तो स्नायू सुकत जातो. विलंब का करू नये, याचे उत्तर या हिशेबात आहे.

४. हाताची लक्षणे

मनगट : अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची मध्यमेकडील बाजू बधिर होत असेल, तर दाब बहुधा मनगटात असतो. तेथे हाडे व एक जाड बंध यांच्यामधील बोगद्यातून बोटांच्या ९ स्नायुरज्जूंबरोबर एक मज्जातंतू जातो. हा त्रास रात्री वाढतो. माणूस झोपेतून उठून हात झटकतो व त्याला बरे वाटते. ‘रात्री हात झटकावा लागतो काय?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले, तर संशय बळावतो. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. गरोदरपण, मधुमेह व कंठग्रंथीचे मंदावलेले काम यांत त्याचा संभव वाढतो. जोर लावून मनगट पुनःपुन्हा वाकविण्याची कामे व हादरे देणारी यंत्रे यांमुळेही तो होतो. दोन्ही मनगटे खाली वाकवून तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींस टेकवाव्यात व १ मिनिट तसेच राहावे. तेवढ्यात त्याच बोटांत मुंग्या आल्या, तर तसे डॉक्टरांना सांगावे.

कोपर : करंगळी व अनामिकेची करंगळीकडील बाजू बधिर असेल, तर कोपराचा विचार करावा. कोपर आपटताच करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच तंतूची होय. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून तासन्‌तास वह्या तपासणे, कोपर दुमडून मोबाईल कानाशी धरणे, हात उशाखाली दुमडून झोपणे, या सवयींनी हा तंतू दबतो. याची एक सोपी परीक्षा फ्रेंच वैद्य झ्यूल फ्रोमाँ यांच्या नावाने ओळखली जाते. अंगठा व तर्जनीची कड यांच्यामध्ये कागद घट्ट धरावयास सांगून तो हळूच ओढावा. तंतू दुबळा असल्यास कागद धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचे टोक नकळत वाकते. दोन्ही हातांची तुलना करावी.

मान : मान वळविताना किंवा मागे टाकताना खांद्यातून हाताकडे कळ जात असेल, तर मूळ मानेत असू शकते. अशा वेळी अंगठ्याची किंवा मधल्या बोटाची बधिरता आढळते, आणि पुष्कळांना हात डोक्यावर ठेवल्याने आराम पडतो. मनगटाच्या दुखण्यात हात झटकून बरे वाटते, मानेच्या दुखण्यात हात वर ठेवून बरे वाटते, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. तसेच मनगट किंवा कोपर यांच्या दाबात अनामिका उभी दुभागल्यासारखी, म्हणजे एक बाजू बधिर व दुसरी चांगली, अशी असते. मानेच्या दुखण्यात सहसा असे होत नाही.

५. पायाची लक्षणे

कंबर : दोन मणक्यांमधील गादी सरकून तंतूच्या मुळाशी दाब पडला, की ढुंगणापासून गुडघ्याखाली, पुष्कळदा पावलापर्यंत कळ जाते. खोकताना, शिंकताना व पुढे वाकताना ती वाढते. आयुर्वेदात या व्याधीला गृध्रसी म्हणतात. लोक तिला सायटिका म्हणून ओळखतात. गादी सरकल्याने हे दुखणे होते, ही गोष्ट बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली मांडली. केवळ कंबर धरणे किंवा उसण भरणे म्हणजे नस दबणे नव्हे. ती बहुधा स्नायूंची तक्रार असते. कळ गुडघ्याच्या खाली उतरली काय, हे विचारावे. नंतर भिंतीचा आधार देऊन त्या माणसाला प्रथम टाचांवर व मग चवड्यांवर चालावयास सांगावे. टाचांवर चालता येत नसेल तर पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे आहेत. चवड्यांवर उभे राहता येत नसेल तर पोटरीचे.

गुडघ्याची बाहेरची बाजू : येथे एक तंतू हाडावरून कातडीलगत जातो. खुरपणी, भाताची लावणी, कांद्याची लागवड अशा कामांत तासन्‌तास उकिडवे बसल्याने तो दबतो. पाऊल वर उचलत नाही, चालताना ते जमिनीवर आपटते, पावलाची वरची बाजू बधिर होते. कंबर मुळीच दुखत नसून सुगीच्या अथवा लावणीच्या दिवसांत असे झाले, तर हे कारण शोधावे. यावर प्रतिबंध सोपा आहे : थोड्या थोड्या वेळाने उठून उभे राहणे व बसण्याची रीत बदलणे.

मांडीची बाहेरची बाजू तेवढी जळजळत व बधिर होत असेल, पण पायाची ताकद शाबूत असेल, तर परकराची नाडी किंवा कमरेचा पट्टा फार आवळलेला आहे काय ते पाहावे.

६. सर्व बधिरता दाबाची नसते

शिक्षकाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही पायांची बोटे व तळवे सारखेच बधिर होऊ लागले, पायांतील चप्पल सटकली तरी कळेनासे झाले, तर मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही असे होते.

करंगळी बधिर आहे आणि त्याबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे, अथवा कोपरामागील तंतू दोरीसारखा जाड लागतो, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. हा रोग कोपराजवळच्या त्याच तंतूला वारंवार ग्रासतो. म्हणून तेथे ‘नस दबली’ असे म्हणून चोळीत बसणे फार महाग पडते. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो. तो लवकर सुरू झाला तर बोटे वाकडी होण्यापूर्वीच रोग बरा होतो. लहान मुलांत मज्जातंतू दबणे विरळाच. यास्तव एखाद्या विद्यार्थ्याची बोटे बधिर आहेत, लेखणी हातातून सुटते किंवा भाजलेले त्याला कळत नाही, असे दिसल्यास ‘दप्तराच्या ओझ्याने झाले असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. पालकांना एकांतात बोलावून मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे, आणि वर्गात याची वाच्यता होऊ देऊ नये. रोगापेक्षा लोकनिंदेच्या भयानेच घरची माणसे मूल लपवितात. शिक्षकाने मौन राखले, तर ते उपचारापर्यंत पोहोचते.

७. मुळीच विलंब न लावण्याच्या खुणा

(अ) कंबरदुखी किंवा सायटिका असताना लघवी अडणे, लघवी वा शौच नकळत होणे, किंवा जांघांमधील व बैठकीचा भाग बधिर होणे. कमरेतील तंतूंच्या संपूर्ण जुडग्यावर दाब आल्याची ही खूण आहे. येथे दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात. शस्त्रक्रिया वेळेत न झाल्यास लघवीवरील ताबा कायमचा जाण्याचा धोका असतो.
(आ) दोन्ही पायांतील दुबळेपणा वाढत जाणे. अथवा हात बेडौल चालणे व त्याबरोबर चाल अडखळणे. यात मज्जारज्जूवरच दाब असू शकतो.
(इ) पडल्यानंतर किंवा अपघातानंतर आलेली बधिरता.
(ई) ताप, वजन घटणे किंवा पूर्वीचा कर्करोग यांसह पाठदुखी.
(उ) एकाएकी अर्ध्या अंगातील शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे. हा पक्षाघात होय; येथे नसेचा विचार करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहिली खूण माणसे संकोचामुळे सांगत नाहीत. स्त्रिया तर घरातल्या माणसांपाशीही बोलत नाहीत. म्हणून ‘लघवीला काही अडचण आहे काय?’ हा प्रश्न सरळ शब्दांत विचारलाच पाहिजे. स्त्रीला तो शिक्षिकेने अथवा आशा सेविकेने विचारावा. एक साधा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर एखाद्या बाईचे पुढचे सारे आयुष्य वाचते.

८. उपाय आणि अपाय

दाब दूर करणे हा पहिला उपाय. मनगटाच्या दुखण्यात रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी वापरतात. कोपराच्या दुखण्यात कोपर दुमडून झोपणे टाळतात. गरज पडल्यास डॉक्टर तंतूच्या वहनाची चाचणी करतात व शस्त्रक्रियेने दाब मोकळा करतात. कमरेच्या दुखण्याबाबत एक दिलाशाची गोष्ट अशी, की बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत सुधारतात. पूर्वी अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. आता सोसेल तितके हिंडते-फिरते राहणे हितकर मानले जाते.

एम.आर.आय. चित्रात ‘गादी सरकली’ असे लिहून आले, की घर घाबरून जाते. अमेरिकेत १९९४ साली, कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची अशी चित्रे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक व्यक्तींत कोठे ना कोठे गादी फुगलेली आढळली. यावरून केवळ चित्र म्हणजे रोग नव्हे. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसावा लागतो.

पुढील गोष्टी टाळाव्यात : बधिर भागावर तापलेली वीट किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवणे, कारण भाजलेले कळत नाही, मानेला झटका देणे, डाग देणे, आणि मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहणे.

९. वर्गातील उपयोग

इयत्ता ६ वी व ७ वीच्या आरोग्यपाठात हा विषय एका तासिकेत घेता येईल.

उद्देश : संवेदना व हालचाल ही मज्जातंतूंची कामे आहेत, आणि दुखण्याची जागा व दोषाची जागा वेगळी असू शकते, हे विद्यार्थ्यांना समजावे.
साहित्य : फळ्यावर हाताची बाह्याकृती, दोन रंगांचे खडू, कागदाची पट्टी.
प्रस्तावना : मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या कोणाकोणास आल्या? त्या कशाने गेल्या?
विषयप्रतिपादन : पाटाच्या पाण्याचा दाखला द्यावा. हाताच्या आकृतीत मनगटाकडील तंतूचा भाग एका रंगाने व कोपराकडील भाग दुसऱ्या रंगाने भरावा. अनामिकेवर दोन्ही रंग यावेत.
उपयोजन : दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, हा राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० मधील नियम सांगून तराजूवर ताडून पाहावा. दर तासिकेच्या शेवटी मुलांना उभे करून हात-पाय मोकळे करण्यास सांगावे.
गृहपाठ : घरातील मोठ्या माणसांपैकी कोणाला रात्री हात झटकावा लागतो काय, हे विचारून यावे. उत्तर वर्गात मोठ्याने सांगू नये. शिक्षकांना एकट्याने सांगावे.

१०. केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) एका शेतमजूर स्त्रीचे पाऊल लावणीच्या चौथ्या दिवशी उचलेनासे झाले. कंबर दुखत नाही. कोणती जागा प्रथम विचारात घ्याल? तिला आणखी कोणते प्रश्न विचाराल?
(२) इयत्ता ५ वीतील मुलाची करंगळी बधिर असून ती किंचित वाकली आहे. पालक ‘झाडावरून पडला होता’ असे सांगतात. शिक्षकाने कोणत्या क्रमाने काय करावे?
(३) सायटिका झालेला गृहस्थ म्हणतो, ‘कळ आज एकदम थांबली, पण सकाळपासून लघवी झाली नाही.’ ही सुधारणा आहे काय? पुढील एका तासात काय केले पाहिजे?
(४) आपल्या गावातील कोणत्या कामांत माणसे तासन्‌तास एकाच स्थितीत बसतात? त्या कामांची यादी करून, प्रत्येकात कोणता तंतू दबण्याचा संभव आहे ते लिहावे, आणि ती यादी गावच्या आशा सेविकेस दाखवावी.